आलेंतेजो, सावलीच्या हिशोबाने

दक्षिण पोर्तुगालमध्ये जुलैत सायकल चालवायची असेल तर घड्याळाबद्दलच्या आपल्या सवयी आधी बाजूला ठेवायला लागतात. मी अकोल्याची, आमच्याकडे मे महिन्यात सव्वाबाराच्या सुमारास सूर्य डोक्यावर येतो, बारा ते चार घराबाहेर पडायचं नाही हे आईने लहानपणापासून बजावलेलं, चारनंतर मग हळूहळू उतरायला लागतं. तिकडे उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे केलेलं असतं आणि देश मुळातच त्याच्या टाइम झोनच्या पार पश्चिम टोकाला, त्यामुळे सूर्य डोक्यावर येतो तेव्हा दीड वाजून गेलेला असतो आणि खरा कडाका सुरू होतो चार ते सहा. साडेसातला पण डांबर तापलेलंच, आणि मावळायला नऊ वाजतात. म्हणजे ज्या वेळेला आपण म्हणतो की चला आता ऊन उतरलं, निघूया, नेमकी तीच वेळ तिथे सगळ्यात वाईट. हे एकदा अंगवळणी पडलं की मग आलेंतेजो आवडायला लागतो.

आलेंतेजो म्हणजे तेजो नदीच्या पलीकडचा मुलूख. पोर्तुगालचा जवळपास एक तृतीयांश भाग आणि माणसं २०२१ च्या जनगणनेत सात लाखांच्या आसपास, म्हणजे पुण्याच्या एखाद्या कोपऱ्यात मावतील एवढी. गव्हाची पिवळी शेतं, मधेमधे झाडं, टेकडीवर पांढरं गाव, मग पुन्हा तासभर काहीच नाही. आम्ही दोघं, मी आणि नवरा, सायकली बॉक्समध्ये पॅक करून लिस्बनला उतरलो आणि ट्रेनने एव्होराला गेलो. तिथून पूर्वेला स्पेनच्या बॉर्डरकडे, मग ग्वादियाना नदीच्या काठाकाठाने खाली आणि शेवटी बेजा, असा ढोबळ प्लॅन. हॉटेलं शक्यतो नकोत, तंबू होता. जुलैच का, तर दोघांची सुट्टी एकदम तेव्हाच मिळत होती, आणि विदर्भातला उन्हाळा काढलेल्या माणसाला ऊन म्हणजे काही शत्रू वाटत नाही, त्याच्याशी वागायचं कसं एवढंच शिकलेलं असतं.

पण गाडीतून बघितलेलं ऊन वेगळं आणि सायकलवरून बघितलेलं वेगळं. चालत्या सायकलवर वारा लागतो, घाम उडतो, हवा कोरडी असल्यामुळे अंगाला चिकचिक नाही, चाळीस डिग्रीत सुद्धा सपाट रस्त्यावर चक्क बरं वाटतं. चढ आला, वेग सात-आठवर आला की वारा बंद आणि मग सगळं ऊन एकदम अंगावर येतं. तेव्हा माणूस एकच गोष्ट शोधतो, सावली. पुढच्या वळणावर झाड आहे का, आहे तर कसलं, त्याची सावली रस्त्याच्या कुठल्या बाजूला पडलीय, खाली बसण्याइतकी आहे का नुसतीच जाळीदार आहे. दोनतीन दिवसांत माझ्या लक्षात आलं की मी हा सगळा प्रदेशच सावलीच्या हिशोबाने वाचायला लागलेय, आणि एकदा तसं वाचायला लागलं की त्यातून भलत्याच गोष्टी कळत जातात, कुणी झाडं लावली, कुणाच्या जमिनीवर, कुणासाठी, आणि उन्हात कोण उभं आहे.

तिथल्या जुन्या रस्त्यांना अजून कडेची झाडं आहेत, बुंध्याला पांढरा पट्टा मारलेली. आपल्याकडे अकोला-अमरावती पट्ट्यात रस्ते रुंद करताना कडूनिंब, चिंच, वड किती गेले ते मी डोळ्यांनी बघितलंय, त्यामुळे त्या पांढऱ्या पट्ट्यांच्या रांगेतून जाताना मला मनापासून बरं वाटायचं आणि जरा त्रासही व्हायचा. पण आलेंतेजोची खरी सावली रस्त्याकडेची नाही, ती आहे मोंतादोची. मोंतादो म्हणजे कॉर्क ओक आणि होम ओक ही झाडं विरळ लावलेलं माळरान, जंगल पण नाही आणि शेत पण नाही, खाली गवत, त्यात मेंढ्या, गाई, काळी डुकरं जी हिवाळ्यात ओकची फळं खाऊन पोसली जातात.

कॉर्कचं झाड जवळून बघण्याची गोष्ट आहे. बाटलीचं बूच असतं ना ते याच्या सालीचं. झाड पंचविसेक वर्षांचं झाल्याशिवाय पहिली साल काढत नाहीत, त्यानंतर दर नऊ वर्षांनी एकदा, आणि बुचाच्या लायकीची साल मिळते ती तिसऱ्या खेपेला, म्हणजे झाड चाळिशी ओलांडल्यावर. लावणारा माणूस स्वतःसाठी लावत नाही हे उघड आहे. जगातलं साधारण अर्धं कॉर्क एकट्या पोर्तुगालचं, आणि झाड तोडायला कायद्याने परवानगी लागते, २०११ मध्ये त्याला राष्ट्रीय वृक्ष पण केलं. आम्ही एव्होरा सोडल्यावर पहिल्याच सकाळी साल काढणारी टोळी दिसली, थांबलोच. दोघं दोघं मिळून एका झाडावर. कुऱ्हाडीने उभी चीर, मग आडवी, आणि मग कुऱ्हाड उलटी करून तिच्या दांड्याचं टोक, जे पाचरीच्या आकाराचं तासलेलं असतं, ते चिरेत घालून हळूच पिळतात. एक कोरडा फाटल्याचा आवाज येतो आणि माणसाच्या उंचीची सालीची फळी अख्खी सुटून हातात येते. आतल्या थराला कुऱ्हाड लागली तर झाडाला इजा होते, म्हणून घाव किती खोल द्यायचा हे हाताला कळायला लागतं, हे काम यंत्राकडे गेलेलं नाही आणि शेतमजुरीत याला चांगला पैसा आहे असं त्यातला एकजण खुणा करून, बोटं चोळून सांगत होता. साल काढलेला बुंधा आतून दालचिनीसारखा लालसर तपकिरी दिसतो, पुढे काळवंडत जातो. आणि मग त्याच्यावर पांढऱ्या रंगाने एक आकडा रंगवतात, ज्या वर्षी साल काढली त्या वर्षाचा शेवटचा अंक.

या आकड्यांनी मला वेड लावलं. सायकल चालवता चालवता मी ते वाचत जायचे. दोन म्हणजे २०२२ मध्ये साल काढली, पुन्हा काढायची २०३१ मध्ये. आठ म्हणजे २०१८, मग २०२७. झाडाझाडावर लिहून ठेवलंय की पुन्हा कधी यायचं. एका संध्याकाळी अशाच एका माळावर तंबू लावला, मालकाला विचारून. तिकडे वाटेल तिथे तंबू ठोकता येत नाही, संरक्षित भागात आणि किनाऱ्याला तर मनाईच, बाकी ठिकाणी जमिनीच्या मालकाला विचारायचं नाहीतर कॅम्पसाइट गाठायची. हा माणूस गेटपाशीच भेटला, त्याच्याबरोबर रफेइरो जातीचा राखणदार कुत्रा, प्रचंड, वासराएवढा उंच, पण मालक बोलतोय म्हंटल्यावर गप बसलेला. त्याने मोबाईलवरचं भाषांतर वाचलं, आमच्याकडे बघितलं, आणि एकच अट घातली, आग नाही. स्टोव्ह नाही, सिगरेट नाही, काडीसुद्धा नाही. उन्हाळ्यात धोक्याचा इशारा असताना रानात ज्वाला पेटवायला बंदीच असते, आणि ती नुसती कागदावरची नाही, २०१७ च्या जूनमध्ये मध्य पोर्तुगालमध्ये पेद्रोगांव ग्रांदेच्या वणव्यात ६६ माणसं गेली, त्यातली कित्येक रस्त्यावर गाडीतून पळताना, त्यानंतर हा विषय तिथे कुणी हलक्यात घेत नाही. खालचं गवत हाताने चुरलं तरी भुगा होत होता. आम्ही पाव, मेंढीच्या दुधाचं चीज, टोमॅटो आणि डब्यातले सार्डिन खाल्ले, सकाळसाठी ओट्स पाण्यात भिजत घातले. चहा नाही हे एवढं मात्र मला रोज जड गेलं.

त्या झाडावर पाचाचा आकडा होता, साल ताजी काढलेली. रात्री हवा अठरा-एकोणीसवर उतरली, पहाटे तर पांघरूण लागलं. दमट हवेत वाढलेल्या मुंबईच्या माणसाला हे पटणार नाही, पण कोरड्या उन्हाची हीच तर मजा आहे, दिवसा जे घेतं ते रात्री परत देतं.

पाण्याचं सांगते. मोठ्या बाटल्या आणि एक घडीची पिशवी मिळून माणशी चारेक लिटर घेऊन निघायचो, कारण दोन गावांच्या मधे कधीकधी खरंच काही नसतं. बाटलीवर जुना पायमोजा चढवायचा आणि तो ओला ठेवायचा, वाऱ्याने पाणी बऱ्यापैकी गार राहतं, डेझर्ट कुलरचं जे तत्त्व आहे तेच. मीठ-साखर-लिंबू घरून नेलेल्या पुड्यांच्या जोडीला. प्रत्येक गावात सार्वजनिक नळ किंवा जुना दगडी हौद असतो, पूर्वी जनावरांसाठी बांधलेला, काही तर शेकडो वर्षांचे, आणि त्यावर पाटी नीट बघायची, कारण पाण्याची तपासणी होत नाही अशी पाटी असलेला नळ वेगळा आणि पाणी पिण्यालायक नाही अशी पाटी असलेला वेगळा. पहिल्याचं पाणी गावातले लोक बिनधास्त भरून नेताना दिसतात, आम्ही फिल्टर करून प्यायलो. दुसऱ्याचं फक्त डोक्यावर.

आणि गावातली सावली! घरं पांढऱ्या चुन्याची, भिंती जाड, बऱ्याचशा माती ठासून बांधलेल्या, खिडक्या एवढ्याएवढ्याशा, खालून निळा किंवा पिवळा पट्टा. गल्ल्या अरुंद, म्हणजे एक बाजू नेहमी सावलीत. चौकात म्हातारे बाकांवर बसलेले असतात आणि जशी सावली सरकते तसे ते सरकतात, कुणी काही न बोलता उठतो, काठी घेतो, पलीकडच्या बाकावर जाऊन बसतो, पाठोपाठ बाकीचे. दुपारभर आम्ही एका गावात कॅफेच्या दारातून हे बघत बसलो होतो, साडेतीन ते सहाच्या दरम्यान पूर्ण मंडळी चौकाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचली होती. त्यातल्या एकाने आम्हालाही हाताने खूण केली, या बाजूला या, तिथे ऊन येणारे आता. आलं पण.

त्याच कॅफेत आसोर्दा खाल्लं आणि मला एकदम घरी गेल्यासारखं झालं. शिळा पाव, त्यावर लसूण, मीठ आणि भरपूर कोथिंबीर खलबत्त्यात कुटून, वर ऑलिव्ह तेल, मग उकळतं पाणी ओतायचं आणि त्याच पाण्यात शिजवलेलं अंडं वर सोडायचं. बस. लसूण आणि कोथिंबीर एकत्र कुटल्याचा जो वास येतो तो मला हजारो मैलांवर मिळेल असं वाटलं नव्हतं, युरोपात बाकी ठिकाणी हिरवी कोथिंबीर फारशी भेटतच नाही. हे गरिबाचं जेवण आहे, मजुरांचं, शेतावर सोबत काय असणार तर पाव आणि लसूण. उन्हात अंगातलं मीठ जातं ते यातून परत मिळतं, म्हणून भर जुलैत गरम गरम आसोर्दा खाणारी माणसं मला अजिबात विचित्र वाटली नाहीत. आपण नाही का मे महिन्यात झणझणीत रस्सा खात.

मोंसाराझला टेकडीवरच्या किल्ल्यातून खाली बघितलं की अल्केवाचं पाणी दिसतं आणि डोळ्यांवर विश्वास बसत नाही. एवढ्या तापलेल्या, पिवळ्या मुलखात एकदम निळं, बोटाबोटांनी टेकड्यांमध्ये घुसलेलं, संपतच नाही. ग्वादियानावरचं धरण, २००२ च्या फेब्रुवारीत दरवाजे बंद केले, पूर्ण भरायला २०१० उजाडलं. २५० चौरस किलोमीटर पाणी. साठा ४,१५० दशलक्ष घनमीटर, आपल्या भाषेत जवळपास १४७ टीएमसी, कोयना १०५ आणि उजनी ११७ हे आकडे ज्यांना पाठ आहेत त्यांना लगेच कळेल हे काय प्रकरण आहे. नवऱ्याने तो हिशोब तिथेच उभ्या उभ्या मोबाईलवर केला. त्याला उजनीचा आकडा पाठ असायचं कारण आहे, त्याच्या वडलांचं मूळ गाव इंदापूर तालुक्यातलं, उजनीत गेलेलं.

अल्केवात पण एक गाव गेलं, लूझ. म्हणून तर आम्ही मोउरांवहून सरळ खाली न जाता लूझला वळलो. जुनं लूझ नदीकाठी होतं, ते पाण्याखाली जाणार म्हणून दोनेक किलोमीटरवर नवीन लूझ बांधलं, गल्ल्यांची रचना शक्य तेवढी जुन्यासारखी, शेजारी तेच शेजारी, चर्च जुन्याची प्रतिकृती, दफनभूमीतले मृतदेह सुद्धा काढून नव्या दफनभूमीत नेले. आणि मग जुनं गाव पाण्याखाली जायच्या आधी पाडून टाकलं. नव्या चर्चजवळ शिस्ट दगडाचं बसकं, जमिनीला धरून असलेलं संग्रहालय आहे, २००३ पासून, त्यात जुन्या घरांतल्या वस्तू, अवजारं, फोटो.

आम्ही पोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. रस्ते सरळ, घरं स्वच्छ पांढरी, सगळं नीट, आणि कुणीतरी एकाच वेळी एकाच हाताने काढलंय हे कळत होतं, जुन्या गावांत गल्ली मधेच वाकडी होते तसं इथे नव्हतं. नवरा सायकल हातात धरून चालत होता, बोलत नव्हता. त्याची आजी शेवटपर्यंत कुणी गाव विचारलं की जुन्या गावाचं नाव सांगायची आणि मग म्हणायची, आता पाण्यात आहे. पुनर्वसनाची जमीन मिळायला आजोबांनी किती वर्षं कचेरीचे हेलपाटे घातले हे त्यांच्या घरात अजून बोललं जातं. उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडतं, लोक होडीने बघायला जातात, पेपरात फोटो येतात, तो दरवर्षी ते फोटो बघतो आणि फॉरवर्ड करत नाही. लूझच्या लोकांना तेही नाही, कारण उघडं पडायला खाली काही ठेवलंच नाही. यातलं काय बरं हे मला ठरवता येत नाही. पण दफनभूमी हलवणाऱ्या, शेजार जपणाऱ्या सरकारबद्दल मला आदर वाटला, आमच्याकडच्या धरणग्रस्तांच्या वाट्याला यातलं दहा टक्के जरी आलं असतं तरी पुष्कळ होतं, हे मी मनापासून लिहितेय.

एका दारात एक आजी खुर्ची टाकून बसल्या होत्या, काळा ड्रेस, पायात सपाता. आम्ही नळ कुठे विचारला, त्यांनी आत बोलावून फ्रिजमधलं पाणी दिलं. नवऱ्याने मोबाईलवर टाइप करून त्यांना दाखवलं की माझ्या आजोबांचं गाव पण धरणात गेलं, भारतात. त्यांनी ते वाचलं, चष्मा सरळ करून पुन्हा वाचलं, आणि त्याचा हात धरला. मग बोलायला लागल्या, भरभर, आम्हाला अर्धं कळेना, मोबाईल जेवढं पकडेल तेवढं. घर चांगलं आहे म्हणाल्या. जुन्यापेक्षा चांगलं आहे, ओल येत नाही, बाथरूम आहे. पण आलो तेव्हा झाडं एवढीशी होती, त्यांनी गुडघ्यापाशी हात दाखवला. कितीतरी वर्षं दारात बसायला सावली नव्हती, म्हणून कुणी दारात बसायचंच नाही, आणि दारात बसायचं नाही तर मग बोलायचं कुणाशी.

तिथून निघाल्यावर मला बराच वेळ दुसरं काही सुचत नव्हतं. गाव हलवता येतं, चर्च हलवता येतं, मेलेली माणसं सुद्धा हलवता येतात, पण सावली हलवता येत नाही, तिला पंचवीस वर्षं लागतात म्हणजे लागतात.

अमारेलेजा पुढचं गाव. १ ऑगस्ट २००३ ला इथे ४७.४ डिग्री नोंदलं गेलं, पोर्तुगालचा उच्चांक. ४६-४७ हे आकडे आमच्या जिल्ह्याला नवे नाहीत, त्यामुळे मला एकदम आपलेपणा वाटला. गावाजवळच ४६ मेगावॅटचा सोलर प्लांट आहे, २००८ मध्ये झाला तेव्हा जगातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक. आम्ही पहाटे सहाला निघून गेलो, त्यामुळे अमारेलेजाचं ऊन काही बघितलं नाही, बघायचंही नव्हतं. मग मौरा, मग सेर्पा. विजेच्या खांबांवर करकोच्यांची घरटी, काट्याकुट्यांची, एकेका खांबावर एकेक कुटुंब.

सेर्पाला मुद्दाम एक रात्र जास्त थांबलो, कांते ऐकायला. हे आलेंतेजोचं समूहगान, युनेस्कोने २०१४ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. वाद्य एकही नाही. एक माणूस, त्याला पोंतो म्हणतात, एकटा पहिली ओळ संथपणे उचलतो, मग दुसरा, आल्तो, जरा वरच्या पट्टीत पुढचं घेतो आणि मग सगळे त्याच्यात मिसळतात. आम्ही ज्या खानावळीत बसलो होतो तिथे तसा काही कार्यक्रम नव्हता, शेजारच्या टेबलावर पाचसहा जण वाइन पीत बसलेले, त्यातल्या एकाने ग्लास ठेवला, डोळे मिटले आणि सुरू केलं. इतकं हळू की दोन शब्दांच्या मधे मी श्वास घेत होते. शेतातून रांगेने परतताना, हातात हात अडकवून चालत म्हणायची ही गाणी, चालण्याची लय त्यात अजून आहे. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, गाणं संपलं, त्याने ग्लास उचलला.

सेर्पा ते बेजा रस्त्यावर बालेइझाव लागतं. इथे १९ मे १९५४ ला गव्हाच्या कापणीच्या दिवसांत मजुरी वाढवून मागायला बायका गेल्या आणि त्यातल्या कातारिना एउफेमिया हिला पोलीस अधिकाऱ्याने गोळ्या घातल्या. २६ वर्षांची, तीन मुलांची आई, धाकटं कडेवर. सालाझारच्या हुकूमशाहीचा काळ, जमीन मोजक्या बड्या मालकांची आणि बाकी सगळे रोजंदारीवर. तिला गावात पुरू सुद्धा दिलं नाही, शेजारच्या किंतोस गावी नेऊन पुरलं, १९७४ च्या क्रांतीनंतर तिला बालेइझावला आणलं. गव्हाच्या शेतात झाड नसतं. मे महिन्याच्या उन्हात विळा घेऊन वाकलेल्या त्या बायकांचा विचार करत आम्ही त्या सपाट रस्त्याने चाललो होतो आणि रस्ता सुद्धा तसाच, उघडा.

आणि मग बेजाच्या आसपास ऑलिव्हच्या नव्या बागा सुरू झाल्या. ऑलिव्ह म्हंटलं की डोळ्यासमोर पिळदार बुंध्याचं म्हातारं झाड येतं, तशी झाडं आम्ही मौराकडे बघितली होती, त्यांच्याखाली जेवलो, झोपलो. ही वेगळी. अल्केवाच्या पाण्यावर उभी केलेली, अतिघन लागवड. तारेला धरून रांगेत दाटीने लावलेली बुटकी झाडं, दोन-अडीच मीटरवर छाटलेली, म्हणजे वरून पसरलेलं मशीन रांगेवरून जाईल आणि फळ झाडून घेईल. तिसऱ्या-चौथ्या वर्षी उत्पन्न सुरू. क्षितिजापर्यंत हिरवंगार, ठिबकच्या नळ्या, पाणीच पाणी, आणि बसायला एक हात सावली नाही. मी खरंच उतरून बसायचा प्रयत्न केला, फांद्या जमिनीपासूनच सुरू होतात, खाली शिरताच येत नाही. नऊ वर्षं वाट बघायला लावणाऱ्या झाडाखाली मेंढ्या, डुकरं, कुत्रे, आम्ही, सगळे मावलो. तिसऱ्या वर्षी पैसे देणाऱ्या झाडाखाली कुणीच नाही. अल्केवाने आलेंतेजोला पाणी दिलं, दुष्काळातून काढलं, हे खरं आहे आणि शेतकऱ्याच्या घरातून आलेली मी त्याला नावं ठेवणार नाही. पण लूझचं गाव ज्या पाण्याखाली गेलं त्या पाण्यावर हे उभं आहे, आणि यात उन्हात कोण राबतंय हे पुढच्याच वळणावर कळलं.

चार मुलं, जुन्या सायकलींवर, डोक्याला गमछे गुंडाळलेले. लांबून बघूनच कळलं की आपल्याकडची. त्यांनाही कळलं. ब्रेक लागले, आणि एकाने हिंदीत विचारलं, "दीदी, इस गर्मी में? किस काम से?" पंजाबातली होती तिघं, होशियारपूर बाजूची, एक नेपाळचा. बेजाच्या भागात आणि तिकडे समुद्राच्या बाजूला ओदेमिराच्या बेरीच्या पॉलीहाऊसेसमध्ये अशी हजारो मुलं आहेत, भारत, नेपाळ, बांगलादेश, तिमोर, सेनेगल. आम्ही फिरायला आलोय, सायकलवर, मजेसाठी, हे ऐकून त्यांच्यातला सगळ्यात लहान माझ्या सायकलच्या बॅगांकडे बराच वेळ बघत राहिला. हसला नाही कुणी. मग तो म्हणाला की मी पण गावी सायकलवर फिरायचो, कालव्याच्या काठाने, तिकडे शहतूत आहेत दोन्ही बाजूंनी.

पहाटे पाचला निघतात, दुपारी एक-दोनपर्यंत काम, ठिबकच्या लाइन बघायच्या, छाटणी, हंगामात टरबूज-खरबूज उचलायची. एका घरात कितीतरी जण, भाडं पगारातून कापून. कागद अजून पूर्ण झालेले नाहीत, एजंटाला दिलेले पैसे फिटायचेत, ते फिटले की घरी एकदा जाऊन यायचं. मोठ्याने आम्हाला विचारलं, पाणी किती आहे, बेजापर्यंत मधे काही नाही, आणि आत्ता जाऊ नका. मग त्यांनी आम्हाला त्यांची जागा दाखवली. रस्त्यापासून दोनशे-तीनशे मीटर आत, पाटाच्या पंपहाऊसच्या मागे, तीननंतर भिंतीची सावली पडते ती सहापर्यंत लांब होत जाते, बागेत दुसरीकडे कुठेच नाही म्हणून सगळे मजूर तिथेच टेकतात. सिमेंटवर पुठ्ठे अंथरलेले, कोपऱ्यात पाण्याचे कॅन, भिंतीवर कुणीतरी गुरुमुखीत काहीतरी लिहिलेलं. त्यांनी फॉइलमधल्या पोळ्या काढल्या, लोणचं, कांदा हाताने फोडला आणि पहिला तुकडा माझ्या हातात दिला, "खाओ दीदी, लू नहीं लगेगी." अकोल्यात माझी आजी शाळेत जाताना खिशात कांदा घालायची. आमच्याकडे चीज होतं, पीच होते, सगळं मधे ठेवलं आणि सहा जण जेवलो.

सव्वासातला निघालो. मोठ्याने नंबर दिला आणि सांगितलं की परत यायचं तर नोव्हेंबर-डिसेंबरात या, तेव्हा ऑलिव्हची तोड असते, रोजगार चांगला असतो, ऊन नसतं आणि रविवारी सुट्टी मिळते, बेजाच्या बाहेर गुरुद्वारासारखं एका घरात आम्ही सगळे जमतो, लंगर असतो, तिथेच राहायचं, तंबू-बिंबू काही लागणार नाही. जाणाऱ्यांनी खरं म्हणजे एप्रिल-मेमध्येच जावं, गवत हिरवं असतं आणि रानफुलं असतात, मी सगळ्यांना तेच सांगते. आम्ही मात्र नोव्हेंबरची तिकिटं बघतोय.